घाटाने शिकविलेला धडा

ज्यास सायकल चालविता येते त्यास घाटही चढता येतो, असा समज आपल्या शाळेत पुष्कळांचा आहे. गेल्या नाताळच्या सुटीपर्यंत तो आमचाही होता. त्या सुटीत आम्ही दोघे शिक्षक व वरच्या वर्गांतील नऊ विद्यार्थी सायकलींवरून अलिबागहून निघालो, आणि महाड, महाबळेश्वर, सातारा व कऱ्हाड या मार्गाने कोल्हापुरास पोहोचलो. त्या संपूर्ण प्रवासाचे वर्णन येथे करावयाचे नाही. त्यांतील एकाच दिवसाची हकीकत आम्ही सांगणार आहोत. त्या दिवशी जे चुकले ते आमच्या हातून चुकले, आणि जे सावरले ते एका अनोळखी बाईने व आमच्या मुलांनी सावरले. म्हणून ही हकीकत विद्यार्थ्यांप्रमाणेच पालकांनीही वाचावी अशी आमची इच्छा आहे.

प्रथम घाट म्हणजे काय ते पाहू. कोकण ही समुद्र व सह्याद्री यांच्यामधील अरुंद पट्टी आहे. सह्याद्रीचा पूर्वेकडील उतार देशाकडे हळूहळू मिळून जातो; पश्चिमेकडे मात्र तो भिंतीसारखा उभा आहे. ज्वालामुखीच्या रसाचे थरांवर थर साचून बनलेला हा काळा पाषाण कड्याकड्यांनी कोकणात उतरतो. कोकणातून देशावर जावयाचे म्हणजे ही भिंत चढलीच पाहिजे. सरळ चढणे अशक्य, म्हणून रस्ता वळणे घेत जातो. वळणांनी चढावयाची उंची तिळभरही कमी होत नाही; तीच उंची अधिक लांबीवर वाटली जाते, एवढेच.

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर गाव समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. दोहोंमधील अंतर सुमारे ४० किलोमीटर असून मध्ये आंबेनळीचा घाट आहे. म्हणजे एका दिवसात जवळजवळ १३०० मीटर उंची चढावयाची. ४० किलोमीटरांत १३०० मीटर म्हणजे शंभर मीटर चालल्यावर सरासरी सव्वातीन मीटर चढ. हा आकडा कागदावर फार सौम्य दिसतो. परंतु आरंभीचे काही किलोमीटर जवळजवळ सपाट असल्यामुळे त्यांची थकबाकी पुढील चढांस भरावी लागते, हे सरासरी सांगत नाही.

आता थोडे पदार्थविज्ञान. मुलाचे वजन ५० किलो, सायकलीचे १४ व सामानाचे ८ धरू; एकूण ७२ किलो झाले. हे ओझे १३०० मीटर वर नेण्यास सुमारे ९ लक्ष १७ हजार जूल इतके कार्य करावे लागते. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून विहिरीचे उदाहरण घेऊ. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटर पाणी वर ओढण्यास ९८० जूल कार्य लागते. या हिशेबाने घाट चढणारा मुलगा सुमारे ९३६ बादल्या पाणी शेंदतो! सामानात एक किलोची भर पडली की आणखी तेरा बादल्या वाढल्या. "एवढेसे काय जड होणार?" असे म्हणून पिशवीत कोंबलेली प्रत्येक वस्तू या तेरा बादल्या मागून घेते.

गिअरमुळे हे कार्य कमी होते, असे अनेकांस वाटते. ते खरे नाही. पुढील चक्रास ४८ व मागील चक्रास १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. दोन्ही चक्रांस २८ दाते असतील तर ती सुमारे दोनच मीटर जाते. तितक्याच उंचीसाठी पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो. भाकर तेवढीच, फक्त घास लहान केले. मोठा घास घशात अडकतो, लहान घास उतरतो. गिअरची सारी विद्या एवढीच आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबात येते, व तीच आमच्या कथेचे मूळ आहे. आपल्या देहाचे यंत्र अन्नातून मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा किंवा पाचवा हिस्सा कार्यात लावते. बाकीच्या शक्तीची उष्णता होते. म्हणजे ९ लक्ष जूल कार्य करताना अंगात २७ लक्षांहून अधिक जूल उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्याचा देहाचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लक्ष जूल उष्णता घेऊन जातो. थोडी उष्णता वाराही नेतो. परंतु पुष्कळसा घाम न वाळताच ठिबकून फुकट जातो. तात्पर्य, केवळ या चढापायी एक लिटरहून अधिक पाणी अंगातून जाणार, हे निघण्यापूर्वीच कोणीही मांडून पाहावे. हे गणित आम्ही वर्गात फळ्यावर कितीदा तरी सोडविले आहे. परंतु त्या सकाळी प्रत्येकाजवळ एकेक लिटरची एकच बाटली असताना आम्हांस त्याची आठवण झाली नाही!

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही महाडास पोहोचलो व मुलांस घेऊन चवदार तळ्यावर गेलो. तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने केला होता. परंतु तो कागदावरच राहिला होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह या तळ्यावर आले व त्यांनी येथील पाणी प्राशन केले. पुढे हा वाद न्यायालयात गेला, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूने निकाल दिला. मुलांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. एकाने विचारले, "सर, ओंजळभर पाण्यासाठी एवढे करावे लागले?" आम्ही आमच्या परीने उत्तर दिले. खरे उत्तर त्यास दुसऱ्या दिवशी मिळावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचास निघावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात चहा, आवराआवर व छायाचित्रे यांत आठ वाजले. घाटाचा उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी बराच वेळ डोंगराची सावली मिळते. ती सावली आम्ही महाडात चहा पिण्यात दवडली, ही आमची पहिली चूक. पोलादपुरास न्याहरी आटोपून महामार्ग सोडला व पूर्वेकडील रस्त्यास लागलो, तेव्हा दहा वाजले होते.

आरंभी सावित्रीचे खोरे सोबतीस होते. रस्ता सुखाचा होता. मुले गाणी म्हणत होती. "हाच का तो घाट?" असे म्हणून एकाने हात सोडून सायकल चालवून दाखविली. आमच्यांतील सर्वांत दणकट मुलाने याच वेळी जाहीर केले की, जो सायकलीवरून खाली उतरेल तो मर्द नव्हे. सारे हसले. आम्हीही हसलो. ही दुसरी चूक.

पुढे चढ लागला आणि गाणी थांबली. एका वळणावरून पाहावे तो वर आणखी दोन वळणे दिसावीत. ती संपवावीत तो पुन्हा दोन. डिसेंबर महिना असला तरी कोकणातील दुपारचे ऊन कोवळे नसते. अकरानंतर उन्हाने पाठ धरली, खडक तापले. ज्या टपरीच्या भरवशावर आम्ही पाण्याची चिंता केली नव्हती, ती त्या दिवशी बंद होती.

निघताना आम्ही नियम केला होता की, एक शिक्षक सर्वांच्या पुढे व दुसरा सर्वांच्या मागे राहील, आणि मध्ये कोणीही एकटा पडणार नाही. आमच्या सहकाऱ्यांनी आपले काम चोख केले. मागे एका सायकलीचे पंक्चर निघते न निघते तोच दुसरीची साखळी तुटली. ते चौघा मुलांसह दुरुस्तीस थांबले. पुढे मात्र आम्ही दणकट अशा चार मुलांच्या वेगाने गेलो. कुंभरोशीस लवकर पोहोचून सर्वांच्या जेवणाची व्यवस्था करावी, हे कारण आम्ही स्वतःस सांगितले. खरे सांगावयाचे तर त्या मुलांच्या मागे पडणे आमच्याच जिवावर आले होते.

या दोन टोळ्यांच्या मध्ये नववीतील एक विद्यार्थी एकटा राहिला. त्यास येथे 'धाकटा' म्हणू, कारण वयाने तो सर्वांत लहान होता. स्वयंपाकाचे पातेले व तांदूळ त्याने आपण होऊन आपल्या कॅरिअरवर घेतले होते, म्हणून त्याचे ओझे इतरांपेक्षा तीन किलोंनी जास्त होते. एकोणचाळीस बादल्या, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

प्रतापगडाकडे जेथे फाटा फुटतो त्या कुंभरोशी गावी आम्ही एकच्या सुमारास पोहोचलो. १६५९ साली अफझलखानाची भेट ज्या गडाच्या पायथ्याशी झाली तो गड मुलांस दाखवू लागलो. परंतु आमचे लक्ष रस्त्याकडे होते. अर्धा तास गेला, कोणी आले नाही. तेव्हा एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन आम्ही सायकली उतारास सोडल्या. तीन-चार किलोमीटर खाली एका वळणावर कठड्यास टेकविलेली सायकल दिसली. पातेले ओळखीचे होते. सायकलीवर मात्र कोणी नव्हते.

धाकटा रस्त्याच्या कडेस एका झाडाखाली निजला होता. चेहरा पांढरा पडला होता. नुकतीच उलटी झाली होती. उशाशी एक वयस्क बाई बसली होती. तिची लाकडांची मोळी बाजूस पडली होती. पदराचे टोक भिजवून ती त्याच्या कपाळावर ठेवीत होती, आणि मध्येच एका जुन्या बाटलीतून त्यास पाणी पाजीत होती. "घोटघोट पी, लेकरा. ढसाढसा नको," असे ती म्हणत होती. आम्हांस पाहून तिने विचारले, "तुमचा का ह्यो पोर? एकट्याला टाकून पुढं कसं गेलात?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

धाकटा शुद्धीवर होता व नीट बोलत होता, हे मोठे भाग्य. उन्हाने अंगातील पाणी आटले की प्रथम डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात. तेव्हाच सावलीत बसवून, कपडे सैल करून, अंग ओल्या फडक्याने पुसून, पाणी पाजीत राहिले तर माणूस सावरतो. पण बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर क्षणाचाही विलंब न करता रोग्यास थंड पाण्याने भिजवीत रुग्णालयात न्यावे लागते. अशा वेळी प्राणावर बेतते. नकळत आम्ही त्या मुलास या दोहोंच्या सीमेपर्यंत आणून सोडले होते.

आमच्याजवळ उरलेल्या पाण्यात साखर व मीठ घालून ते त्यास थोडे थोडे दिले. याचे प्रमाण प्रत्येकाने पाठ करावे: एक लिटर स्वच्छ पाण्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. तोवर खालून सहकारी व इतर मुलेही येऊन मिळाली. बाईने मोळी उचलण्यास हात मागितला, तेव्हा आमच्या लक्षात आले की तिची बाटली पूर्ण रिकामी झाली होती, आणि तिला त्याच उन्हात घरापर्यंत चालावयाचे होते. आम्ही सहकाऱ्यांजवळचे पाणी तिच्या बाटलीत घातले. बरोबरच्या विद्यार्थ्याने खिशातून नोट काढून पुढे केली व म्हटले, "मावशी, एवढे घ्या." ती हसली. "पाण्याचं कुणी पैसं घेतं व्हय?" एवढे बोलून ती वळणाआड गेली. तिचे नाव विचारावयाचे राहून गेले.

वर जाणाऱ्या एका टेम्पोतून सहकाऱ्यांनी धाकट्यास सायकलीसह कुंभरोशीस नेले व डॉक्टरांस दाखविले. धोका टळला होता. मात्र त्या दिवशी पुढे जावयाचे नाही, असे त्यांनी बजाविले. महाबळेश्वरातील मुक्कामाचे पैसे आधीच भरले होते. तेथे गरम पाणी व जेवण वाट पाहत होते. धाकटा रडू लागला. "सर, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. तुम्ही पुढे जा, मी बसने येतो," असे तो म्हणाला. आम्ही निर्णय देण्यापूर्वीच तो दणकट मुलगा उठला व आपल्या सायकलीची वळकटी सोडू लागला. "आपण सारे इथेच राहू," एवढेच तो म्हणाला. कोणी विरोध केला नाही.

रात्री खोलीत बसलो असता आम्ही धाकट्यास विचारले, "बाटली रिकामी झाली तेव्हाच का नाही थांबलास? उतरून चालला का नाहीस?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उतरलो असतो तर सगळे हसले असते." दणकट मुलाने मान खाली घातली. आम्हीही घातली, सकाळच्या त्या हसण्यात आम्ही होतो.

तेव्हा आम्ही मुलांस फ्रान्समधील एक हकीकत सांगितली. २१ जुलै १९१० रोजी तेथील प्रसिद्ध सायकल शर्यतीत स्पर्धकांस पिरेनीज पर्वतातून ३२६ किलोमीटरांचा टप्पा पार करावयाचा होता. वाटेत २११५ मीटर उंचीची तूरमाले नावाची खिंड होती. रस्ते कच्चे, सायकली जड, आणि चालता चालता गिअर बदलण्याची सोय नाही. ऑक्ताव लापीझ हा स्पर्धक त्या खिंडीत काही वाट सायकलीवर व काही वाट पायी चालून गेला. गारिगू नावाच्या दुसऱ्या स्पर्धकाने मात्र एकदाही न उतरता ती खिंड चढली, आणि त्याबद्दल त्यास १०० फ्रँकांचे वेगळे बक्षीस मिळाले. परंतु त्या दिवसाचा टप्पा जिंकला लापीझने, आणि त्या वर्षीची संपूर्ण शर्यतही त्यानेच जिंकली. जो उतरून चालला तोच शेवटी पहिला आला. हे ऐकून धाकट्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच हसू उमटले.

त्याच देशात पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ १८५३ ते १९३० या काळात होऊन गेले. 'वेलोसियो' या टोपणनावाने ते ओळखले जात. सायकलीस अनेक गिअर असावेत याचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला, व दूरच्या प्रवासाविषयी काही नियम घालून दिले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, आरंभीच्या तासांत जोर करू नये, असे त्यांचे सांगणे होते. शेवटचा नियम सर्वांत मोलाचा आहे: केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये. आमच्या त्या दिवसाच्या साऱ्या चुका या एका नियमात येतात. धाकट्याचा दिमाख उघड होता, दणकट मुलाचा त्याहून उघड. आमचा तेवढा व्यवस्थेच्या नावाखाली झाकलेला होता.

त्याच रात्री आम्ही धाकट्याच्या वडिलांस दूरध्वनी केला व काही न लपविता सर्व सांगितले. मुलगा चुकला असे आम्ही म्हटले नाही. आम्ही चुकलो असे म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः सांगितलेत म्हणून उद्या त्यास पुढे पाठवितो. दुसऱ्याकडून कळले असते तर आजच परत बोलाविला असता." त्यांचे हे शब्द आम्ही विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातास, डोंगराच्या सावलीतच, आम्ही निघालो. प्रत्येकाजवळ दोन बाटल्या होत्या. पातेले दणकट मुलाच्या कॅरिअरवर होते. कोणी सांगितल्याशिवाय त्याने ते उचलले होते. सर्वांत पुढे धाकटा होता. त्याच्या वेगानेच साऱ्यांनी चालावयाचे ठरले. दर पाव तासाने दोन घोट पाणी, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे विश्रांती. आणि जेथे चढ फार उभा तेथे एक उतरला की सारे उतरणार. उरलेल्या २० किलोमीटरांस साडेतीन तास लागले. दाट झाडीतून रस्ता वर जात होता, हवा थंड होत होती. दर हजार मीटर चढले की उष्णतामान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे पुस्तकातील वाक्य मुलांस अंगावरील काट्यांनी पटले. सव्वादहा वाजता अकराही जण एकाच वेळी महाबळेश्वरात शिरलो.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानितात. महाडात रुंद पात्राची दिसलेली सावित्री येथे ओंजळीत मावेल एवढीच होती. धाकटा बराच वेळ त्या धारेकडे पाहत उभा राहिला. मग आम्हांस म्हणाला, "सर, त्या मावशींनी मला नावसुद्धा विचारले नाही. तहान लागली आहे एवढेच पाहिले." परवा तळ्याकाठी ज्याने प्रश्न विचारला होता तो हाच मुलगा. आम्ही काही बोललो नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही असे प्रवास कराल, करावेतच. निघण्यापूर्वी उंचीचा, ओझ्याचा व पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. शाळेत शिकलेले गणित अशाच वेळी उपयोगी पडावे. पहाटेची सावली वाया घालवू नका. उतरून चालण्याची लाज धरू नका, आणि जो उतरतो त्यास हसू नका. सर्वांत मागे असेल त्याच्या वेगाने चला. तो पोहोचला म्हणजेच सारे पोहोचले.

आणि पालकहो, आपली मुले आमच्या हवाली करताना आम्हांस हा दिवस विसरू देऊ नका. "तुमचा का हा पोर?" असे कोणी पुन्हा विचारील, तेव्हा आम्ही त्याच्या शेजारीच उभे असू, एवढे वचन आम्ही या पानांवर देत आहोत.